लोकरीची वही

आधी ओले बूट दाराशी काढा.
फरशी सहाशे वर्षांची आहे, ती पुसणारी मी एकटी.

बसा. दर्शनांबद्दल एवढ्यात विचारू नका.
नवीन माणूस आला की पहिला प्रश्न तोच :
तिला येशू दिसायचा का? कसा? प्रकाश होता का?
मी त्यांना ही खिडकी दाखवते.
उत्तरेकडची, परातीएवढी,
बाहेर कालवा, कालव्यावर धुकं, धुक्यात एक बदक.
हिच्याखाली हाइलविख बेचाळीस वर्षं लोकर विंचरत बसली.
प्रकाश एवढाच होता.

ती नन नव्हती. बेगीन होती.
म्हणजे लग्न नाही, मठ नाही, जन्मभराची शपथ नाही;
स्वतःच्या कमाईचा पाव,
आणि वाटलं तर कुठल्याही सकाळी
आपलं भांडं, आपली फणी उचलून जायची मुभा.
दार उघडं होतं, आणि ती गेली नाही.
पुढचं विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा.

बाप रंगारी. निळीच्या पिंपाशी वाढली,
कोपरापर्यंत निळीच जन्मली, म्हणायचे शेजारी.
सोळाव्या वर्षी दळण आणायला गेली असताना
पवनचक्कीचं पातं अचानक थांबलं
आणि त्या थांबण्यात कुणीतरी तिचं नाव घेतलं.
एवढीच घटना. पातं परत फिरू लागलं.
पीठ घरी पोचलं. थोडं सांडलं होतं.

तिनं ग्रंथ लिहिला नाही. ही वही लिहिली.
हात लावू नका, पानं मी उलटते.
डावीकडे लोकर, उजवीकडे तो :
‘सहा पौंड. संध्याकाळी आला, बसला नाही.’
‘पाच पौंड. आला. फणीचा दात मोडला.’
‘साडेसहा. नाही.’
‘सात. कुष्ठरोग्यांच्या चादरी धुतल्या. नाही.’
‘सात. नाही.’

हे ‘नाही’ अकरा वर्षं चालतं.
बरेच जण इथं घड्याळ बघतात.
तिचं पापनिवेदन ऐकणारे फादर वाउटरही चिडले :
येत नाही, तर रोज लिहितेस कशाला?
तिचं उत्तर समासात आहे, पाणी घातलेल्या शाईत :
‘ज्याची वाट बघत नाही
त्याची गैरहजेरी कोण मांडतं?’

प्रार्थना जमत नाही म्हणालात ना मघाशी,
तुम्ही, छत्रीवाल्या बाई?
मग तेवढंच लिहा. रोज, एका ओळीत, जमत नाही म्हणून.
तिच्या वाटेवर चालू लागलात असं नाही,
पण निदान बूट घातलेत.

मग प्लेगचं वर्ष.
उजवी बाजू कोरी होते. ‘नाही’सुद्धा नाही.
नुसती लोकर. मेलेल्यांची नावं. लोकर.
विद्यापीठातून आलेले गृहस्थ म्हणाले, श्रद्धा संपली.
शक्य आहे. मी कॉफी गाळत होते, वाद घातला नाही.

पण व्यापाऱ्याचीही वही आहे, नगरभवनात.
त्याचा गडी रोज संध्याकाळी लोकर तोलून न्यायचा.
माझ्या आईनं, गोडेलीव्ह तिचं नाव,
दोन्ही वह्या ताडून पाहिल्या, तीन हिवाळे, एका डोळ्यानं.
त्या कोऱ्या पानांपासून पुढे
त्याच्याकडे साडेसहा, हिच्याकडे सात.
त्याच्याकडे पाच, हिच्याकडे साडेपाच.
मरेपर्यंत रोज अर्धा पौंड जास्त.

आई म्हणायची, तो उजवीकडून डावीकडे सरकला.
वेगळा लिहायची गरजच उरली नाही,
वजनात आला.
मी म्हणते, तराजू बिघडला असेल.
किंवा व्यापारी चोर असेल; तेव्हा सगळेच होते.

तरी संध्याकाळी कुलूप लावण्याआधी
तिची फणी मी एकदा उचलून बघते.
परवानगी नाही खरं तर.

घ्या. दोन्ही हातांनी धरा.
दात सांभाळा, अजून टोचतात.