चार बोटांचं अंतर

ढगाच्या खाली पाचशे फूट,
वर हजार,
बाजूनं दोन हजार,
आणि समोर तीन मैल दिसलंच पाहिजे.
रेइनो लाम्पिनेननं हे मला पाढ्यासारखं घोकायला लावलं
अ‍ॅस्टोरियाच्या हँगरमध्ये,
कारण त्या आठवड्यात उडण्यासारखं आकाशच नव्हतं.
कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथं
दोघींच्याही अंगावर एकच राखाडी गोधडी.

मी विचारलं, मोजायचं कशानं?
ढगाला ना काठ, ना कोपरा.
टेप लावायला खिळा कुठं ठोकू?
तो सामन माशांच्या जाळ्याला गाठी मारत होता,
दातांत सुतळी.
म्हणाला, अंदाजानं.
आणि अंदाज चुकलाच, तर ढगाला जास्त मिळू दे.

मला वाटायचं, हे एक प्रकारचं सोवळं.
शिवू नये म्हणून आखलेली रेघ.
पुस्तकातही तसंच, आकडे तेवढे,
कारण नाही.
मग एकदा इंजिन गरम होता होता तो सहज बोलून गेला:
अगं, आत कोणीतरी असतं.
काचेबाहेर काही दिसत नसतं त्याला,
काट्यांवर नजर,
कानात कुण्या लांबच्या खोलीतला आवाज.
तो बाहेर पडेल, तेव्हा तुला बघायला
त्याला थोडी जागा लागेल.
तेवढी सोडायची.
एवढं बोलून तो ब्रेक तपासायला लागला.

चार वर्षांनी मीही आत गेले, रीतसर, परीक्षा देऊन.
आत शुभ्र नसतं.
ओल्या लोकरीचा रंग असतो, आणि तो हलत नाही.
पंख सरळ असतात,
कान सांगतो, डावीकडं कलते आहेस, सावर.
किती प्रेमानं सांगतो. आयुष्यभर याच कानाच्या भरवशावर
मी जिने उतरले, सायकल चालवली,
बर्फावर पडले नाही.
हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात.
इथं हात कुठं आहे, हेच आरशाला विचारायचं.
सहा गोल काचा, पाळीपाळीनं,
कुठल्याही एकीवर जीव न लावता.
खऱ्याखोट्यात चार बोटांचं अंतर,
कान आणि डोळा यांच्यामधलं.
नियमांच्या पुस्तकात सगळे आकडे फुटांत आहेत,
हा एकच राहून गेला.

ऑक्टोबरात पोर्टलंडहून येत होते.
मागच्या सीटवर बहिणीच्या शिलाईयंत्राची मोटर,
दुरुस्त केलेली, टॉवेलात गुंडाळून.
रेडिओवरची बाई म्हणाली, या, उतरा.
दोन हजार. अठराशे.
पंधराशेला राखाडी जरा पातळ झाली,
चौदाशेला फाटली,
आणि खाली नदी, गोदी, पूल,
आणि पिवळं विमान.

डावीकडून उजवीकडं, माझ्या वाटेवरून, निवांत,
पाचशे फूट खाली. सहाशेही असेल.
ज्या वेगानं मी उतरत होते
त्या वेगानं पाचशे फूट म्हणजे एक मिनिट.
एका मिनिटात काय होतं?
मी श्वास घेतला. तो निघून गेला.
पंखाखालचे आकडे वाचता आले,
इतका वेळ होता.
हात कापायला लागले ते चाकं टेकल्यावर.

पंपापाशी तो उभा होता, सतराएक वर्षांचा,
विलापा खाडीतल्या ऑयस्टरवाल्यांचा मुलगा,
सँडविचमधला कांदा वेचून बाजूला टाकत.
मी विचारलं, ढगाचा तळ किती होता रे?
तो गडबडला. वाटलं, काही चुकलं.
म्हणाला, नक्की कळेना,
म्हणून जरा जास्तच खाली राहिलो. का?

काही नाही, म्हटलं.
मोटर उचलली. जड होती.
त्यानं दाराशी येऊन दार धरलं,
आणि मी बाहेर पडेपर्यंत
एक पाऊल मागं सरकून उभा राहिला.