सतरा सेकंदांची पेटी

पेटी कशाची करायची, इथंच गाडी अडली होती.
बाकी सगळं जमलं होतं:
आर्वीच्या भंगारातून आणलेला,
कुठल्या तरी मारुतीच्या दारातला सहा इंची स्पीकर,
दोनशे साठचं बोर्ड,
फवारणीच्या पंपातली बॅटरी
(पंप फुटला, बॅटरी अजून ठणठणीत),
आणि आवाज. तो मोबाइलात होता.
मागच्या हरभऱ्यात भावानं गंमत म्हणून घेतलेला,
सतरा सेकंद:
हाऽऽऽऽड रेऽऽ हुर्र्र्र
आणि शेवटी खोकला.

खोकला कापायचा का, हेही ठरायचं होतं.

आधी तेलाचा पिपा.
हलका, कडी आयती, सायकलच्या हँडलला अडकतो.
लावला, तर बा पत्र्याचा झाला,
स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या माणसासारखा.
आई चुलीपुढून म्हणाली, "हा कोन व्हय?"

मग तुंबा, दोन वर्षं आढ्याला वाळलेला.
त्यात आवाज इतका गोल झाला
की डुकरं ऐकत बसली असती.

बोअरच्या पाईपाचा तुकडा खांद्यावर टाकायला बरा,
पण त्यातून बा विहिरीत पडल्यासारखा ओरडला.
मी घाईनं वायर उपटली.

शेवटी प्लायवर आले.
नागो सुताराकडं कुणाच्या दिवाणातला तुकडा उरला होता.
किती लिटरची पेटी?
आयटीआयच्या वहीत सूत्र होतं, घरात पायली होती.
पेटी तुरीनं भरली, तूर मोजली,
वहीत आकडा लिहून तूर परत कोठीत ओतली.
आईनं कोठीत दोनदा वाकून पाहिलं.

आता राहिलं एवढंच:
पेटी बंद ठेवायची, की भोक पाडायचं.

बंद पेटी शहाणी.
दव नाही, मुंग्या नाहीत, आवाज नेमका,
पण धुऱ्यापलीकडं जायला लाजतो.
भोकाची पेटी श्वास घेते,
पाठीमागचा वारा पुढं आणते,
त्याच बॅटरीत दूर पोचते.
आणि भोक बोटभर चुकलं
तर नुसतं फुसफुस.

मी पेन्सिलनं गोल काढला. पुसला. पुन्हा काढला.

बा खाटेवरून बघत होता.
गळ्याला पांढरा रुमाल,
सेवाग्रामच्या दवाखान्यातून आल्यापासूनचा.
बोलायचं असलं की तो रुमालाखाली बोट धरतो,
ओठ हलतात,
वारा येतो.

तो उठला. पेटीवर टिचकी मारून पाहिली,
बाजारात टरबूज पाहतो तशी,
इथं, तिथं, पुन्हा इथं.
माझ्या हातातली पेन्सिल घेऊन
खाली उजवीकडं गोल काढला,
माझ्याहून जरा लहान.
मग स्वतःच्या गळ्याकडं बोट नेलं
आणि माझ्याकडं बघून हसला.

मी गिरमिट शोधायला गेले.
ते समोरच होतं.

भोकात नळाच्या पाईपाचा चार बोटं तुकडा बसवला.
खोकला तसाच ठेवला.

मचाणावर पहिल्या रात्री
हाक नाल्यापलीकडं गेली.
तिकडं उकंडकाका जागलीवर होता.
काळोखातून ओ आली:
"अबे! बरा झाला काय बे तू?"
बा ताडकन उभा राहिला, टॉर्च हलवत राहिला.
चार मिनिटांनी तीच हाक, तोच खोकला.
आणखी चार मिनिटांनी तीच.
मग पलीकडून काही आलं नाही.
बानं टॉर्च विझवली.

दुसऱ्या रात्री हाक गेली,
आणि जरा थांबून, तंबाखू मळण्याइतकं थांबून,
"हाव, जागाच आहो मी."
प्रत्येक हाकेला नाही,
पण पहाटेपर्यंत सहा वेळा. मी मोजलं.

डुकरं आलीच.
पेटीची पाठ होती त्या बाजूनं,
निवांत, पिल्लांसकट.
चार तासं उकरून गेली.

आता पाठीचं काय करायचं ते बघतेय.
बानं तिथंही पेन्सिलनं एक गोल काढून ठेवलाय.