कानाची खूण

कामानेनच्या रस्त्यावरून आणला तेव्हा
नीलासच्या भुवयांवर पांढरी पूड होती.
बर्फ नव्हे. बर्फ आत आल्यावर वितळतो.

"मला काही झालं नाही," भिंतीला सांगत होता,
डोळे गच्च मिटून.
मी दुसऱ्या बाजूला उभी.
"पिशवी फुगली, एवढंच. उशीसारखी."

उशी पापणी लवायच्या आत येत नाही, नीलास.
उशीच्या पोटात स्फोट नसतो.

मनगटाच्या आतून लाल पट्टा, उकळता चहा सांडावा तसा.
अंगठा भलतीकडेच बघत होता.
असू दे. हाड थांबतं,
डोळ्यातला क्षार थांबत नाही.

खालची पापणी ओढून कागदाची पट्टी टेकवली:
हिरवी, आणि बघता बघता निळी.
सलाईन लटकवलं, नळी नाकाजवळच्या कोपऱ्याशी,
आधी उजवा, मग डावा, पुन्हा उजवा.
पाणी कॉलरीत, पाणी बुटात, पाणी माझ्या बाहीत.

दारातल्या योउनीला विचारलं,
लोंबती पिशवी उचलून खालचं चाक पाहिलंस?
"पाहिलं. वाकलंय."
म्हणून छातीचं मधलं हाड पुन्हा दाबलं.
नीलासने श्वास चोरला.
ईसीजीच्या तारा लावल्या.

"चक्कर येतेय का?"
"तीन वर्षांची. मादी."

मी वाकले होते ते त्याच्या डाव्या कानाशी.
तिथे आता नुसती शिट्टी वाजत असणार.

"काही दिसेना," तो म्हणाला, "म्हणून कान चाचपला तिचा.
आमच्यात प्रत्येक रेनडिअरच्या कानावर सुरीची खूण असते,
ज्याची त्याची.
टोकाला दोन खाचा, मागे एक तिरकी.
रिस्तिनची.
बारशाला मीच दिली होती तिला.
अंगठा तेव्हा कुठे दुखायला लागला."

बाहेर योउनी इंजिन चालूच ठेवून बसला होता.
इथे उणे एकतीसमध्ये कोणी बंद करत नाही.

"रिस्तिनला फोन लावू?"
उत्तर नाही.
पलंगाला वळसा घालून उजवीकडे गेले,
तेच पुन्हा विचारलं.

"अजून किती वेळ हे पाणी?"
नवी पट्टी अजून निळसर.
"अर्धा तास तरी. मग थांबून पुन्हा बघायचं."

"मग आत्ताच लाव," तो म्हणाला,
"पाणी चालू आहे तोवर."