तीन टिंबं

मोकाद्देस सरांची सायकल पुढं, मी मागं पळतोय.
हातात बादली. बादलीत काजळीची शाई,
भाताची पेज, आणि घोड्याच्या केसांचा ब्रश
जो त्यांनी पोटच्या पोरासारखा जपला.
(पोटची पोरं दोन. दोघं ढाक्याला. पत्रं ईदला.)

हिजलदिघीच्या घाटावर तो दगड होता,
काळा कुळकुळीत, पायरी म्हणून बसवलेला.
फुलजान बिबी त्यावर लुंग्या आपटत होती.
"थांब गं माय," सर म्हणाले,
"तुझ्या साबणाखाली एक मशीद आहे."
ती म्हणाली, "असेल. अजून चार कपडे राहिलेत."

सर चिखलात उकिडवे बसले.
पाचशे वर्षं उशिरा पोचलेल्या माणसाला
चार कपड्यांची कसली घाई.

मग ओला कागद. ब्रशची थाप,
तापल्या पोराला थोपटावं तशी.
आणि अक्षरं वर आली:
उभ्या रेघा, वेळूचं बन;
बुडाशी गोल वळणं, पोहणारी बदकं.
सर बोट न लावता वाचत गेले,
ज्यानं ही मशीद बांधली... त्याला स्वर्गात घर...
हिजरी सन आठशे एकाहत्तर...
आणि बरोब्बर नावाच्या जागी
गुळगुळीत.

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ना?
फुलजाननं, तिच्या सासूनं, सासूच्या सासूनं
रोजच्या धुण्यात ती पुसली होती.

दुपारी चौघांनी दगड उलटवला.
मागं कमळावर ठेवलेले दोन पाय,
घोट्याच्या वर काही नाही.
कुणी म्हणालं, झाका.
कुणी म्हणालं, लिहून घ्या, कुणी कुणाचं काय फोडलं.
सरांनी पायांचाही ठसा घेतला
तेवढ्याच हलक्या हातानं.
पुस्तक निघालं तेव्हा दोन्हीकडून पत्रं आली.
शिव्या सारख्याच होत्या,
शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा.

मी म्हणालो होतो, सर, नाव टाकून द्या,
त्या काळात, त्या मुलखात, दुसरा कोण असणार?
ते चष्मा पुसत राहिले.
"इन्शाअल्लाह पुढच्या गोष्टींना म्हणायचं, बाबा.
होऊन गेलेल्यांना नाही."

म्हणून छापलेल्या पानावर तीन टिंबं आहेत.
खाली बारीक टाइपात तळटीप:
दगड टिकला तो घाटामुळे.
घाट फुलजान बिबीचा.

पद्मेनं हिजलदिघी नेली त्याला आता
किती पावसाळे झाले. दगड नेला, घाट नेला,
सरांना पुरलं ती जागा तेवढी उंचावर आहे.
दर पौषात मी ठसे उन्हात घालतो,
वाळवी झटकतो, कोपऱ्यांवर विटा ठेवतो.

त्या कागदावर नावाच्या जागी
एक पिवळट डाग आहे, साबणाचा.
त्याची नोंद
सरांकडूनही राहून गेली.