स्थिर आकार

वीजबिलावर एक ओळ असते,
युनिटांच्या आधीच: स्थिर आकार.
पंखा लावा, लावू नका,
कुलूप घालून महिनाभर गावी जा,
तेवढे भरावेच लागतात.

मी सातवीत असताना आमची बिलं दोन झाली.
एक कोपरखैरण्याचं, अप्पांच्या नावाचं,
ते आई भरायची.
दुसरं दिघ्याच्या चाळीतलं,
अप्पा जिथे राहायला गेले
आणि जिथे आधीच कुणी राहत होतं.

कांदा-बटाटा मार्केटात अप्पांची पाठ
आधी उचलायची तेवढ्याच गोण्या उचलत राहिली.
पाठ एकच.
तिच्यावर आता दोन सिलिंडर, दोन दारांशी दुधाची पिशवी,
गणपतीला दोन घरचे कपडे.
बाई शिकवायच्या, भागाकारात बाकी उरते.
आमच्यात विशू उरला.
त्याची शिकवणी आधी सुटली,
मग चष्म्याचा नंबर बदलायचा राहिला,
मग तो मागच्या बाकावरून
फळा ऐकायला शिकला.

खोटं नाही सांगणार,
एकत्र होतो तेव्हाही सुख नव्हतं.
आई म्हणायची, तेव्हा वीज स्वस्त पडायची गं,
झोप महाग.
आता ती पावण्याच्या कंपनीत पॅकिंगला जाते,
रात्री गाढ झोपते,
आणि मी अंधारात उठून फ्रिजचं बटण बंद करते,
सकाळी ती उठायच्या आत सुरू.

कोर्टाने पोटगी लावली.
शब्दातच पोट आहे.
वही नाही, चप्पल नाही,
सहलीचे साडेतीनशे नाहीत.

अकरावीला फीमाफीचा अर्ज केला.
खिडकीतला माणूस म्हणाला, वडील आहेत ना?
मग वडिलांचा दाखला आण.
आणला. त्यावर अप्पांचा पूर्ण पगार होता,
आमच्या उंबऱ्याला कधी न लागलेला.
त्या कागदावर आम्ही सुस्थितीत होतो.
आईने तो दोनदा वाचला, हसली,
बघ, म्हणाली, किती आहे आपल्याकडे.
सायन्सच्या अर्जाच्या चार घड्या करून
मी तिकिटाच्या जागी पर्समध्ये ठेवल्या
आणि कॉमर्सला गेले. सकाळचं कॉलेज,
दुपारी झेरॉक्सचं दुकान,
इतरांचे दाखले, दोन रुपयाला एक.

महिन्यातून एका शनिवारी
बसने दिघ्याला जायचं, पाकीट आणायला.
रबाळे, ऐरोली, मनातल्या मनात ओरडत:
इथे सगळं आहे, इथेच गेलं आमचं सगळं.
एकदा दार उघडायला छोटी आली, कस्तुरी.
अंगावर माझा पिवळा फ्रॉक,
खांद्यावर तोच रफू, आईच्या हातचा.
आत एकच पंखा. तिची आई
पाकिटातून एक नोट काढून पुन्हा आत ठेवत होती,
बाहेर काढत होती.
येताना ऐरोलीपर्यंत मी खिडकीबाहेर बघितलं
आणि काहीही ओरडले नाही.

यंदा अप्पांची पाठ बसली.
डॉक्टर म्हणाले, गोणी नाही, बादलीसुद्धा नाही.
कस्तुरीचा फोन आला, पहिल्यांदाच.
ताई म्हणावं की काय, हे न ठरल्याने
तिने सरळ विषयाला हात घातला:
डिप्लोमाला नंबर लागलाय,
उत्पन्नाचा दाखला मागतायत,
आणि घरात आता कुणाचंच उत्पन्न नाही,
तर ते लिहून कोण देतं?

आईला सांगितलं.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग भाकरी उलटत म्हणाली,
जाताना छत्री ने, तिथे रांग उन्हात असते.

रांगेत कस्तुरी माझ्या पुढे उभी होती.
उंची अप्पांची, मानेवरचा तीळसुद्धा.
ती सारखी मागे वळून विचारत होती,
हीच का रांग? हीच का?

हीच, म्हटलं.
पण आधी त्या कोपऱ्यातून शिक्का,
मग इथे.
आणि तो विचारेल, वडील आहेत ना?
तेव्हा तू गप्प राहा.
मी बोलते.