हाव

कुंदा नंदनवारची पहिली संहिता मी टाइप केली,
अशा मशीनवर, ज्याचा 'ळ' कायम ओळीच्या वर उडायचा.
सेमिनरी हिल्सला तेव्हा एकच एसी चालायचा,
तोही कॅमेऱ्यांसाठी.
आम्ही दाराच्या फटीशी चपला काढून उभे,
पावलांपुरता गारवा.

तेरा भाग. गोळीबार चौकामागची कोष्ट्यांची गल्ली,
सून मागावर, सासरा दम्याचा,
नवरा भिवंडीला गेलेला.
आणि पानोपानी एकच शब्द :
जेवली का वो? हाव.
पैशे आले? हाव ना बाप्पा.
येईन का तो वापस?
इथे तिनं तीन टिंबं दिली होती,
आणि खालच्या ओळीत, एकटंच : हाव.

मुंबईहून आलेले साहेब म्हणाले,
"हाव म्हणजे लोभ, मॅडम.
ही बाई प्रत्येक प्रश्नाला लोभ, लोभ काय म्हणते?"
कुंदा हसली. मीही हसलो, नोकरी नवी होती.
मग लाल पेन्सिली घेऊन बसलो दोघं,
तर्रीवर तेल थिजेस्तोवर
'हाव' खोडून 'हो', 'हाव' खोडून 'हो'.
एकशे बारा. मी मोजले होते.

पुढे ती गेली. गोरेगावात दीड खोली,
रोज एक भाग, रोज संध्याकाळी सातला.
अकराशे चाळीस भाग लिहिले तिनं
अशा घराचे, ज्यात कुणी कधी भांडी घासली नाहीत.
दिवाळीला फोन यायचा :
"बबन, इथं माणसं म्हातारपणानं मरत नाईत रे,
मानधन वाढवून मागतलं का मरतात."
फोनवर तिची जीभ घरी यायची.
मग निर्माती झाली. शेवटच्या पाटीवर नाव,
पण पाटी कोपऱ्यात चेपलेली,
उरलेल्या पडद्यावर साबण.

अठ्ठावन्नाव्या वर्षी फ्लॅट गहाण टाकून आली,
इतवारीतलं लुगड्यांचं बंद गोदाम भाड्यानं घेतलं
आणि मला विचारलं, ते जुनं काई आहे का?
होतं. कार्बन कॉपी. निळी, पुसट,
लाल पेन्सिल तिथवर पोचलीच नव्हती.
ती पानं उलटत होती, बोटं निळी होत होती.
पंप बंद पडलेला कूलर कोरडाच फिरत होता.

मे महिना. आवाज टिपणाऱ्यानं कूलर बंद करायला लावले.
सून झालेली पोरगी प्रतापनगरची, इथलीच,
पण कॅमेरा दिसला की जीभ इस्त्री होऊन यायची.
येईन का तो वापस?
"हो."
पुन्हा. "हो." सातव्यांदा "हो",
आणि डोळ्यांत पाणी, स्वतःचाच राग.
कुंदानं तिला काहीच सांगितलं नाही.
"चहा घ्या सगळे," म्हणाली,
कॅमेरावाल्याकडे बघून फक्त मान हलवली,
आणि मागाच्या लाकडाला टेकून, सहज,
"जेवली का वो सकाळपासून?"

पोरीनं घाम पुसला, वर पाह्यलं,
जरा वेळ गेला, तीन टिंबांएवढा.
"हाव."

तोच तुकडा ठेवला.
रात्री साडेअकराला लागला, पापडाच्या जाहिरातीनंतर.
कुणी पाहिला, माहीत नाही.
त्यात पोरीच्या हातात कागदी कप आहे,
जो आधीच्या शॉटमध्ये नाही, नंतरच्यातही नाही.
चाळीस वर्षं मी हेच काम केलं, असल्या चुका पकडायचं.
वही उघडी होती, पेन हातात.
लिहिलं नाही.