रिकाम्या सीटचा पट्टा

सकाळी साडेसहाला जुहूच्या हँगरमध्ये ये.
आधी विमानाभोवती एक फेरी मार, हात लावत,
बाजारात म्हैस घ्यायला आलेला माणूस मारतो तशी.
पंखाखालच्या झडपेतून थोडं पेट्रोल काढ,
नळीत घेऊन उजेडासमोर धर.
निळं दिसलं पाहिजे.
तळाशी वेगळा थेंब थरथरला तर ते पाणी,
रात्रीतून आत आलेलं. या शहरात हवाच अर्धी पाणी.
पुन्हा काढ. थेंब जाईपर्यंत काढ.
वेसाव्याला माझा मामा डिझेल असंच तपासतो.
पानी तलाला जातंच गो, म्हणतो,
आपुन थांबाचं.

डाबरे सरांनी हे पहिल्या दिवशी शिकवलं नाही.
पहिल्या दिवशी टायरवरची चिखलाची खपली
नखानं काढायला लावली
आणि स्वतः पेपर वाचत बसले.
मला वाटलं, तासाला नऊ हजार, आणि हे?

मूठ आवळू नकोस. दोन बोटं आणि अंगठा पुरे.
माझ्या बोटांत त्यांनी पेन्सिल अडकवली होती,
आवळलं की हाडाला लागायची.
'विमानाला उडता येतं,' ते म्हणाले,
'तुला येत नाही. मध्ये पडू नकोस.'

काचेच्या नळीतला काळा गोळा
ज्या बाजूला घरंगळेल, त्याच बाजूचा पाय दाब.
महिनाभर मी उलटा दाबत होते.

एप्रिलच्या घामातसुद्धा कार्बुरेटरमध्ये बर्फ धरतो.
मला खोटं वाटलं होतं. तुलाही वाटेल.
इंजिन खोकलं की आठवेल.

विंडसॉक बघ, पण एकटा विंडसॉक नको.
सकाळचा वारा मतलई, जमिनीकडून.
अकराच्या सुमारास तो मरतो,
खारा यायला अजून अवकाश असतो,
आणि विंडसॉक लोंबतो, पायातून काढलेल्या मोज्यासारखा.
तेव्हा गच्च्यांवरच्या चादरी बघ.
समुद्रावर काळपट पट्टा किनाऱ्याकडे सरकतोय का बघ.
तो पोचण्याआधी खाली ये,
नाहीतर त्याच्याशी बोलायची तयारी ठेव.

घार समोर आली तर ती खाली सुटते.
तू वर जा.

रेडिओचं बटण दाबण्याआधी वाक्य मनात म्हणून घे.
आणि बोलून झालं की सोड.
मी एकदा विसरले, आणि अख्ख्या जुहूनं ऐकलं
मी स्वतःला काय काय म्हणते ते.

उतरताना नाकासमोरचं डांबर बघू नकोस.
ते अंगावर येतं, तू दचकतेस, विमान उडी मारतं.
नजर लांब, पट्टीच्या पार शेवटी,
आणि कमरेला कळू दे जमीन कुठे आहे,
दिवे गेलेल्या जिन्यात शेवटची पायरी कळते तशी.
नाहीच बसलं गणित, तर थ्रॉटल पूर्ण आत, निघ.
पुन्हा फेरी मारायला लाजू नकोस.
एका सकाळी मी पाच मारल्या.
सर नुसते म्हणाले, 'पेट्रोल आहे ना?'

मग एका मंगळवारी, इंजिन चालू असतानाच,
ते उजवीकडचं दार उघडून उतरले.
आत वाकून रिकाम्या सीटचा पट्टा बांधला,
सैल राहिला तर सुकाणूत अडकतो म्हणून.
'चौऱ्याऐंशी किलो कमी झालेत,' म्हणाले,
'लवकर उचलेल. घाबरू नकोस.'
खरंच लवकर उचललं.
चौपाटी इतक्या पटकन खाली गेली
की मी उजवीकडे वळून काहीतरी विचारलं.

यंदा डॉक्टरांनी त्यांच्या मेडिकलवर सही केली नाही.
सर आता अग्निशमन गाडीच्या सावलीत
उलट्या क्रेटवर बसतात, उतरणी मोजतात.
तुझ्याही मोजतील. वर बघू नकोस तिकडे.

एकटी निघताना मी तो पट्टा बांधते,
दोनदा ओढून बघते,
मग खिडकीतून ओरडते, 'क्लिअर!'
समोर चिटपाखरू नसलं तरी ओरडायचं.

परवा कुंपणापलीकडे मामा डबा घेऊन उभा होता.
म्हणाला, कोनाला हाक मारतेस गो?